गिलीजांचा थोरला

गिलीजांच्या घरात पोराला बुटाची नाडी बांधता येण्याआधी कुळी म्हणता यायला लागायची. इशबेलला ती आजोबांनी शिकवली, चुलीपुढच्या बाकावर बसून, मेंढपाळाची काठी मांडीवर आडवी ठेवून. इशबेल नीलची, नील टॉर्क्विलचा, टॉर्क्विल लॉक्लनचा, लॉक्लन इव्हनचा, इव्हन मर्डोचा, असं मागं मागं जायचं. एखादं नाव चुकलं की काठी पोटरीवर बसायची. घरात ही कुळी फक्त गेलिकमध्ये, घराण्याच्या मूळ बेटावरच्या जुन्या भाषेत म्हणत. इशबेलनं ते बेट कधी पाहिलं नव्हतं, पण तिथले मेलेले तिला तोंडपाठ होते.

आजोबा, म्हणजे टॉर्क्विल गिलीज, स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळच्या त्या बेटावर जन्मले. तिथल्या जमीनदाराला मेंढ्यांसाठी कुरण हवं होतं, म्हणून त्यानं सगळं गाव हुसकून लावलं. टॉर्क्विल अंगावरच्या कपड्यांनिशी निघाले ते दुनियेच्या पार दक्षिणेला, पॅटागोनियात येऊन थांबले, आणि मेंढ्यांचे मालक झाले. सान्ता क्रूझ प्रांतात त्यांच्या आर्नीश नावाच्या इस्टेटीएवढं रान दुसऱ्या कुणाचं नव्हतं. गव्हर्नर त्यांच्याकडे जेवायला यायचा. बंदरातलं चर्च त्यांच्या देणगीवर उभं राहिलं होतं. गिलीज आत आला की बँकेतला मॅनेजर खुर्ची सोडून उठायचा.

या घराची एक रीत होती. थोरल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव द्यायचं. ती कुणी मोडली नव्हती, दुष्काळात नाही आणि जहाजातही नाही. धाकट्याला कुठलंही नाव चालायचं, आणि आजोबा, त्यांचे वडील दोघंही धाकटे होते. इशबेल अकरा वर्षांची असताना तिच्या डोक्यात आलं, की बाबा तर आजोबांचे एकुलते, म्हणजे या हिशेबानं त्यांचं नाव लॉक्लन असायला हवं होतं. ते नील कसं? तिनं भर जेवणात विचारलं. आजोबांनी काठी उचलली आणि तिच्या कपाळावर हाणली. रक्त सूपच्या थाळीत पडलं. आजीनं थाळी उचलली, दुसरी आणून ठेवली, आणि बाबा मांस कापत राहिले.

तेव्हा तिला कळलं, की घरात आधी एक लॉक्लन होऊन गेला आहे. तिला वाटलं, तान्हा असताना गेला असेल.

तो गेला नव्हता. तो तिथंच होता, घोड्यांच्या आवारात. आर्नीशवर सगळे त्याला लाचो म्हणत. रंगानं तिथल्या मूळच्या लोकांसारखा, केस राठ काळे, आणि डोळे मात्र आजोबांचे, पावसाळी आभाळासारखे करडे. माजलेला घोडा वठणीवर आणावा तर त्यानंच. आजोबा वारल्यावर, इशबेल चांगली वयात आल्यावर, एकदा आवाराच्या कुंपणावर बसून तिनं त्याला सरळ विचारलं, की तू माझा कोण.

लाचो एका शिंगराला दोर लावत होता. दोर न सोडता त्यानं सांगितलं. टॉर्क्विल सुरुवातीला सामुद्रधुनीपलीकडच्या बेटावर राखणदार होता. तिथले लोक मेंढ्या मारून खायचे, म्हणून कंपनी माणसं मारायला पैसे द्यायची, आणि पुरावा म्हणून कान मागायची. अशाच एका छाप्यात लाचोच्या आईचा बाप आणि दोन भाऊ मारले गेले. ती सतरा वर्षांची होती. टॉर्क्विलनं तिला घोड्यावर आडवी टाकून झोपडीत आणलं. पोर झालं. पुढं स्कॉटलंडच्या बेटावरून लग्नाची बायको यायची ठरली, तेव्हा जहाज लागायच्या आत त्यानं लाचोच्या आईला मिशनवाल्यांच्या बोटीत बसवून दिलं. ती तिथं खोकून खोकून मेली. पोराला मात्र त्यानं ठेवून घेतलं.

"तुझ्या आज्यानं माझ्या आज्याचे कान नेले," लाचो म्हणाला, "आणि मला स्वतःच्या बापाचं नाव दिलं. फिटलं म्हणायचं."

शिंगरानं झटका दिला. त्यानं दोर खांबाला दोन वेढे घातला आणि गालातल्या गालात हसला.

"बाबांना ठाऊक आहे?"

"नील माझ्या खांद्यावर बसून घोडा घोडा खेळलाय, पोरी. ठाऊक नसायला काय झालं?"

त्या दिवसापासून इशबेल एकांतात त्याला काका म्हणायला लागली. घरात म्हणायची तिची हिंमत झाली नाही.

मग संपाचं साल आलं. लोकर कातरणारे मेंढ्यांच्या कातड्यावर दाटीवाटीनं झोपत, आणि त्यांचं मागणं फार नव्हतं. झोपायला कोरडी जागा, खोलीला मेणबत्त्या, आठवड्यातून अर्धा दिवस कपडे धुवायला. नील गिलीजनं सगळं झिडकारलं. आज मेणबत्ती मागतायत, उद्या माझा दिवाणखाना मागतील, असं तो म्हणाला, आणि बोलायला आलेल्या दोघांना त्यानं चाबकानं फोडून काढलं. त्यातला एक आठवड्यानं मेला.

त्यानंतर संपवाले बंदुका घेऊन आर्नीशवर आले. लाचो त्यांच्यात होता. त्यांनी नीलला घरातून ओढून काढलं, कातरणीच्या शेडच्या खांबाला बांधलं आणि लगामानं मारलं. इशबेल आणि मुकादम डूगल, तोही स्कॉटलंडच्या त्या बेटावरचाच, यांना भिंतीपाशी उभं केलं होतं. मेलेल्या माणसाचा भाऊ पुढं आला, त्यानं नीलच्या कपाळाला रायफल टेकवली आणि त्याला डोळे उघडायला सांगितलं. नीलनं उघडले. त्याची विजार भिजली होती.

चाप ओढला त्याच क्षणी लाचोनं नळी हातानं बाजूला सारली. गोळी त्याच्याच तळहातातून आरपार जाऊन खांबात घुसली. हात छातीशी धरून तो त्या भावाला म्हणाला, की हा मेला तर उद्यापासून आपण संपवाले नाही, खुनी, आणि मग आपल्या कुणाचंच ऐकून घेणार नाहीत. भाऊ रडायला लागला. नीलला कुणी पुन्हा हात लावला नाही. इशबेलनं स्वतःच्या परकराची पट्टी फाडून काकाचा हात बांधला.

सैन्य आलं ते पांढरं फडकं पुढं करून. कॅप्टन ओरेयानानं शब्द दिला, की हत्यारं टाका, कुणाच्या केसाला धक्का लागणार नाही. संपवाल्यांनी रायफली अंगणात ढीग करून टाकल्या. ढीग पुरा होताच त्यांना बडवत बडवत शेडमध्ये कोंडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात एक टेबल मांडलं गेलं. एका बाजूला कॅप्टन, शेजारी नील, ओठ सुजलेला, पण दाढी केलेली. टेबलावर कॉफीची किटली, आणि कॅप्टननं अदबीनं परत केलेलं नीलचं पिस्तूल. माणसं एकेक करून समोर आणायचे आणि नीलनं सांगायचं, हवा की नको. कातरायचा हंगाम तोंडावर होता, सगळेच मारून चालणार नव्हतं. हवा असलेला डावीकडं जायचा. उजवीकडच्यांच्या हातात फावडी दिली होती आणि ते स्वतःसाठी चर खणत होते. खणणं थांबलं की शिपाई संगीन टोचायचे. एक जण पळाला. त्याला कुंपणाच्या तारेवर गोळी घातली, आणि तो तसाच तारेला लोंबत राहिला.

लाचोला आणलं. नील त्याच्याकडं न बघता कॉफी ढवळत राहिला.

"हा?" कॅप्टननं विचारलं.

नीलनं किटलीतून आणखी कॉफी ओतली. तेव्हा इशबेल ओसरीवरून उतरली, शिपायाचा हात झटकून टेबलापर्यंत गेली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं स्पॅनिशमध्ये म्हणाली, "तो माझा काका आहे. माझ्या बाबांचा थोरला भाऊ."

शिपाई हसले. कॅप्टन हसला नाही. त्यानं लाचोच्या डोळ्यांकडं पाहिलं, मग नीलच्या, आणि विचारलं, "असं आहे का, सेन्योर?"

"माझ्या वडिलांना मी एकटाच."

"बाबा, यानं परवा तुमचा जीव वाचवला."

"घरात जा, इशबेल."

लाचोनं बांधलेला हात खाली सोडला आणि तो म्हणायला लागला. गेलिकमध्ये, आजोबांच्याच संथ सुरात. लॉक्लन टॉर्क्विलचा, टॉर्क्विल लॉक्लनचा, लॉक्लन इव्हनचा, इव्हन मर्डोचा. एक नाव चुकलं नाही. त्यालाही कुणीतरी काठी मांडीवर घेऊन शिकवली होती. अंगणात त्याच्याशिवाय ती भाषा समजणारे तिघंच होते. डूगलनं टोपी काढली आणि मान खाली घातली. इशबेल बापाच्या तोंडाकडं बघत राहिली.

"काय बडबडतोय हा?" कॅप्टन म्हणाला.

"काही नाही," नील म्हणाला. "रानटी लोकांची भाषा."

लाचो थांबला. तो नीलला फक्त एवढंच म्हणाला, आणि तेही गेलिकमध्ये, "तुला खांद्यावरून पाडायला हवं होतं रे." मग तो स्वतःहून उजवीकडं गेला.

गोळ्या सुटल्या तेव्हा इशबेलनं डोळे मिटले नाहीत. माणसं चरात पडली, काही काठावर पडली, आणि एक शिपाई चालत जाऊन हालणाऱ्यांच्या डोक्यात गोळी घालत गेला. लाचोला अशा दोन लागल्या. शेवटचा आवाज विरल्यावर तिनं टेबलावरचं पिस्तूल उचललं आणि हातभर अंतरावरून बापावर झाडलं.

गोळी नीलच्या खांद्याचं हाड फोडून गेली. तो खुर्चीसकट मागं पडला. दुसऱ्यांदा चाप ओढायच्या आत कुणीतरी रायफलचा दस्ता तिच्या गळ्याखाली हाणला, हाड मोडल्याचा आवाज तिला स्वतःला ऐकू आला, आणि तोंड मातीत गेलं. शिपायानं नळी तिच्या मानेवर टेकवून कॅप्टनकडं पाहिलं.

"थांबा," नील जमिनीवरून ओरडला. रक्त त्याच्या बोटांतून वाहत होतं. "पिस्तूल साफ करताना सुटलं. हिचा दोष नाही. माझी मुलगी आहे ती."

कॅप्टननं मान हलवली. शिपायानं लगेच बंदूक खाली घेतली. तेवढ्या एका वाक्यावर. इशबेल पडल्या पडल्या ते ऐकत होती, आणि मोडलेल्या हाडापेक्षा तिला ते जास्त लागलं.

शिपायांनी चरातल्या प्रेतांवर वाळलेली झुडपं आणि रॉकेल टाकायला सुरुवात केली. इशबेल उठली. डूगल एक घोडा घेऊन आला. दोघांनी लाचोला चरातून ओढून काढलं. कुणी अडवलं नाही. कॅप्टन घरात नीलचं रक्त थांबवण्याच्या धांदलीत होता. मागं जाळ पेटला आणि वाऱ्यानं धूर त्यांच्या अंगावर आणला.

लाचोची बायको रुपेर्ता नदीपलीकडच्या वस्तीत राहायची. घोडा येताना तिनं लांबूनच पाहिलं. ती रडली नाही. जवळ आली आणि इशबेलच्या तोंडात तिनं इतक्या जोरात मारली, की इशबेल गुडघ्यांवर बसली. मग आणखी एकदा मारली. डूगल मधे पडायला गेला, तर इशबेलनंच त्याला हातानं मागं सारलं.

"तुझ्या बापानं?" रुपेर्तानं विचारलं.

"हो."

"मेला का तो?"

"नाही. मी मारली गोळी. खांद्याला लागली."

रुपेर्तानं तिच्याकडं बघून घेतलं आणि आतून कुदळ आणून तिच्या पुढ्यात टाकली. जमीन वाऱ्यानं वाळलेली, दगडासारखी. इशबेल एका हातानं खणू लागली. प्रत्येक घावाला मोडलेलं हाड आत टोचायचं. गुडघाभर झाल्यावर रुपेर्तानं कुदळ काढून घेतली आणि उरलेलं डूगल आणि तिनं खणलं.

नील वाचला. डावा हात जन्माचा लुळा राहिला, आणि तो का लुळा आहे हे त्यानं मरेपर्यंत कुणाला खरं सांगितलं नाही. गव्हर्नर पुढंही जेवायला येत राहिला. इशबेल आर्नीशवर पुन्हा गेली नाही. बंदरात तिनं खानावळीत काम धरलं. तिचं हाड वाकडंच जुळलं, थंडीत खांदा वर उचलायचा नाही.

लाचोला तीन मुलं. थोरल्याचं नाव टॉर्क्विल. वसंतात रुपेर्ता लोकर विकायला बंदरात यायची तेव्हा तो सोबत असायचा, बापाइतकाच उंच. एकदा खानावळीच्या दारात उभं राहून त्यानं विचारलं, की बाबांनी शेवटी जी कुळी म्हटली ती तुम्हाला येते का. इशबेलनं त्याला बसायला सांगितलं. आईनं परवानगी दिली आहे का, ते विचारलं. रुपेर्ता बाहेर गाडीपाशी पाठ करून उभी होती. तिनं मागं वळून पाहिलं नाही, पण गाडीही हाकली नाही.

"लॉक्लनपासून सुरू कर," इशबेल म्हणाली.