बसमधली परीक्षा

व्हर्ना हॉस्किन्स आमच्या केंटकीच्या डोंगरात शाळेची बस चालवायची. त्या बस जिथे दुरुस्त होतात त्या गॅरेजात मी मेकॅनिक. पन्नाशी उलटल्यावर तिने कम्युनिटी कॉलेजात नाव घातलं. आयटीची दोन वर्षांची पदवी, सगळी ऑनलाइन. तिच्या घरी, दरीत, इंटरनेट धड चालत नाही. म्हणून सकाळची फेरी संपली की ती बस वाचनालयाच्या आवारात लावायची आणि तिथल्या वायफायवर तास ऐकायची.

"काय गं, आता बसला पासवर्ड लावणार का?" मी चिडवायचो.

"लावीन. आणि तुला सांगणार नाही."

नेटवर्किंगमध्ये ती नापास झाली. तिने तोच विषय पुन्हा घेतला. एकदा मी बसचा हीटर दुरुस्त करत होतो, तेव्हा तिचा तास चालू होता.

"सर, नाही कळलं. परत सांगा," ती म्हणाली. ओसेई सरांनी परत सांगितलं. "अजून नाही."

विशीतली बाकीची पोरं गप्प. मलाच अवघडल्यासारखं झालं, तिला काही नाही. आणखी एकदा सांगितल्यावर तिच्या डोक्यात प्रकाश पडला. तेवढ्यात स्क्रीनवर एका मुलीचा मेसेज आला : 'थँक्यू व्हर्ना, मलाही आत्ताच कळलं.'

शेवटच्या परीक्षेसाठी तिने वाचनालयातली खोली मागून ठेवली होती. नेमका त्या सकाळी पाइप फुटला आणि वाचनालय बंद. वायफाय तेवढं चालू. ती बसमध्येच बसली.

लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावरून परीक्षेवर लक्ष ठेवणारी बाई म्हणाली, "मॅडम, तुमच्यासोबत कोणी नको. सगळी खोली फिरवून दाखवा."

व्हर्ना लॅपटॉप उचलून रिकाम्या सीटांमधून पार मागच्या दारापर्यंत चालत गेली.

"ही बस आहे का?"

"हो. दार आतून लावलंय."

बाईला हसू आलं. "ठीक आहे. करा सुरू."

आवाज नको म्हणून तिने इंजिन बंद ठेवलं होतं, त्यामुळे हीटरही बंद. बाहेर बर्फ पडत होता. आवारात कोणी हॉर्न वाजवू नये म्हणून मी फाटकाशी उभा राहिलो. ती उतरली तेव्हा तिची बोटं लालभडक झाली होती.

"कसा गेला पेपर?"

"माहीत नाही. पण प्रश्नात काय विचारलंय ते प्रत्येक वेळी कळत होतं."

ती चांगल्या मार्कांनी पास झाली. ऑगस्टपासून ती जिल्ह्यातल्या शाळांचे कॉम्प्युटर सांभाळते. तिच्या बसवर नवा ड्रायव्हर आलाय. माणूस बरा आहे, पण सकाळच्या कॉफीला तिची उणीव भासते.