डाव्या हाताची गाठ

लुगडं पिळता पिळता मैनाच्या बोटांना पदराच्या टोकाशी काहीतरी टणक लागलं. पाहिलं, तर गाठ.

"जाऊबाई, ही गाठ कोनं मारली?"

पार्वताबाई विहिरीच्या दगडावर धोतर आपटत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही.

"तूनंच. काल देवळात, कीर्तनात. बुवा रुक्मीची मिशी भादरून राहिले होते तवा."

मैना आठवू लागली. समईचा धूर आठवला. अवघडलेली पाठ आठवली. मागे कुणाचं तरी लेकरू किरकिरत होतं, तेही आठवलं. बाकी काही हाताला लागेना.

"मले त काईच वाटलं नाई काल," ती म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती. तिला तसंच आठवत होतं.

वर्ष होत आलं होतं असं. घरातलं कुणी गेलं नव्हतं, कुणी तिला टाकून बोललं नव्हतं. दूर कुठल्या मुलखात लढाई पेटली आणि वऱ्हाडातल्या कापसाला असा भाव आला, की माळ्यांनीही झेंडूचे वाफे मोडून सरकी पेरली. गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवायच्या गोष्टी लोक पारावर करू लागले. घर भरलं, आणि मैनाच्या आतला दिवा मात्र हळूहळू मंदावत गेला. नवऱ्याने, शालिकरामने, अंगारे आणले, परतवाड्याहून जडीबुटी आणली. शेवटी परवा तीच त्याला म्हणाली, "माह्यात काही उरलं नाई. मले माहेरी सोडून द्या. तुमी दुसरी करा."

तो उठला. बैलांना पाणी दाखवायला म्हणून गेला, तो बराच वेळ गोठ्यातच राहिला.

आज त्याची कापसाची गाडी अमरावतीला निघणार होती. वाटेवरच तिचं माहेर.

काल पार्वताबाईंनी तिला ओढतच कीर्तनाला नेलं होतं. "मी दगडावानी बसन," मैनाने आधीच बजावलं होतं. "बसजो," त्या म्हणाल्या होत्या, "पन काई वाटलंच, त पदराले गाठ मारजो. दसऱ्यालेबी हासली होती तू, न सकाळी म्हने, मी कुठं हासली!"

आता त्या धोतर पिळत सांगू लागल्या.

"देवानं रुक्मीची, रुक्मिनीच्या भावाची, अर्धी मिशी काढली न देला सोडून. बुवानं उपरनं घेतलं अर्ध्या तोंडावर, न रुक्मी झाले. म्हने, रुक्मी कापूस घेऊन अमरावतीच्या बाजारात गेला. दलाल म्हनते, मिशी अर्धी त भावबी अर्धा! सारं देऊळ हासलं, बाई. तू त पदर तोंडात कोंबला होता. मंग गजर सुरू झाला, तवा डोये पुसले न गाठ मारली."

मैनाने गाठीकडे पाहिलं. दुसऱ्याच कुणाची तरी गोष्ट ऐकावी तसा तिचा चेहरा होता.

"माही समजूत घालाले तुमीच मारली असन."

पार्वताबाईंचे हात थांबले.

"बरं बाई. मीच मारली." आणि त्यांनी पिळलेलं धोतर पुन्हा दगडावर आपटलं.

मैना ओलं लुगडं खांद्यावर टाकून अंगणात आली. गाडी भरून तयार होती. कापसाच्या बोज्यांपाशी तिचं गाठोडं ठेवलेलं होतं, पहाटे तिनेच बांधलेलं. गाडीशी टेकून ती उभी राहिली आणि तिची नजर गाठोड्याच्या गाठीवर गेली.

दोन वेढे, आणि पीळ उलटा.

मैना डावखुरी. माहेरी हार गुंफताना तिच्या दोऱ्याची गाठ नेहमी दुसऱ्या अंगाने वळायची, आणि इथे आल्यावर पार्वताबाईंनीही ती शिकून पाहिली होती. त्यांना जमली नाही. "देवानं तुले आरशातून धाडलं का वं?" म्हणून त्या हसल्या होत्या.

तिने खांद्यावरच्या ओल्या लुगड्याचा पदर पुढे ओढला. गाठ गाठोड्याजवळ धरली.

दोन वेढे. पीळ उलटा.

आठवलं तर काहीच नाही. उपरण्याआडचा रुक्मी दिसला नाही, गजरही कानात वाजला नाही. पण बोटं आपोआप गाठीच्या सैल कडेशी गेली, नेमकी जिथून ती सुटते तिथे, आणि तिथेच थांबली.

शालिकराम बैल जुंपून आला. तिच्याकडे न पाहता म्हणाला, "चाल. उन्ह होते मंग."

मैनाने गाठोडं गाडीतून उतरवून ओट्यावर ठेवलं. मग कुंपणावर लुगडं पसरलं, टोकापर्यंत, नीट.

"लुगडं वलं हाय."

"वाऱ्यावर वायते आताच. थांबतो मी."

"थांबू नोका. तुमी जा." तिने पदराचं टोक उन्हाकडे वळवून ठेवलं. "गाठीतलं नाई वायत लवकर."

शालिकरामने पदराकडे पाहिलं, मग ओट्यावरच्या गाठोड्याकडे. त्याला काय समजलं कोण जाणे. बैलांच्या पाठीवरून हात फिरवत तो हलकेच म्हणाला,

"बरं. संध्याकाळी बुवा लगन लावनार हायेत रुक्मिनीचं. जाजो जाऊबाईसंगं."

"मले काई वाटनार नाई," मैना म्हणाली, आणि गाठोड्यातून कोरडं लुगडं काढायला बसली.