फळ्यावरची केळी

चार मिनिटांत तुम्ही एका माणसाला कायमचं गप्प केलंत. तुम्ही कोण होतात, तुमची नावं काय, मला ठाऊक नाही. तुम्हाला तर ती चार मिनिटं आठवतही नसतील. पण त्यांची शिक्षा पंचवीस वर्षांनी त्याच्या मुलीला झाली, आणि ती होताना मी त्या घराच्या भिंतीवर टांगलेला होतो. म्हणून आज मी बोलतोय. मी एक पांढरा फळा. एरवी लिहून घेणारा.

लातूरला एका छोट्या कारखान्यात माझा जन्म झाला. प्लायवूडवर गुळगुळीत पांढरा पत्रा चिकटवला, चारी बाजूंनी ॲल्युमिनियमची पट्टी ठोकली, की झालो मी तयार. पहिली सहा वर्षं एका शिकवणी वर्गात गेली. समोर दीडशे मुलं, अंगावर भौतिकशास्त्राची गणितं. मुलं भराभर उतरवून घ्यायची. प्रश्न कुणी विचारत नसे, विचारायला वेळच नसायचा. मग वर्गात मोठा पडदा आला आणि माझी जागा जिन्याखाली झाली.

तिथून मला व्यंकटरावांनी उचललं. ते अर्धापूरचे, केळीच्या गाड्या भरणाऱ्या टोळीचे मुकादम. लातूरला माल उतरवून परतताना त्यांनी मला रिकाम्या गाडीत घातलं. अहमदपूर, लोहा, नांदेड असा सगळा प्रवास मी केळीच्या वाळल्या पानांवर पडून केला. अंगाला चिकाचे दोन तपकिरी डाग पडले. ते अजून निघालेले नाहीत.

घर दोन खोल्यांचं. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याच्या शेजारी मी. मला आणलं होतं ते रूपालीसाठी, त्यांच्या एकुलत्या एक मुलीसाठी. तिचं एमबीए झालं होतं. नांदेडच्या एका पतसंस्थेत ती नोकरी करायची आणि तिथं तिचा जीव रमत नव्हता. एका मोठ्या सल्लागार कंपनीत तिनं अर्ज केला होता. ही कंपनी काय करते, असं तिच्या आईनं, पंचफुलाबाईंनी, विचारलं तेव्हा रूपाली म्हणाली, दुसऱ्याच्या धंद्यात काय चुकतंय ते सांगते.

"ते तर आपल्या गल्लीतल्या समद्या बाया फुकट सांगतेत," पंचफुलाबाई म्हणाल्या.

मुलाखतीच्या तीन फेऱ्या होत्या. पहिल्या दोन संगणकावर, तिसरी हैदराबादला समोरासमोर. त्या कंपनीत प्रश्न विचारायची तऱ्हा वेगळी. नांदेडात रोज किती कप चहा खपत असेल? अमुक दुकानाचा नफा का घटला? उत्तर एकदम सांगून चालत नाही. चौकटी आखायच्या, त्यांना फाटे फोडायचे, एकेक फाटा तपासत उत्तरापर्यंत पोचायचं. रूपाली रोज सकाळी नोकरीवर जाण्याआधी माझ्यावर असले फाटे काढायची.

व्यंकटराव दाराशी चहा पीत बघत बसायचे. दहावीपर्यंत शिकलेले, इंग्रजी जेमतेम. पण एकदा त्यांनी विचारलं की हे काय काढून राहिलीस, आणि तिनं सांगितलं. त्या दिवसापासून माझ्यावर केळी आली. एका घडाला किती फण्या, एका गाडीत किती माल, दिल्लीला पोचेपर्यंत वजनात किती घट. रूपाली घटीसाठी तीन फाटे काढायची: चोरी, काटा खोटा, माल सडला. व्यंकटराव म्हणायचे, आधी हे विचार की वजनाचा काटा कुठं केला. बागेत तोडल्या तोडल्या केला, अन् गाडी यायला दुपार झाली, तर माल तवर उन्हात पडून ऱ्हायला. घट तिथंच बसली, अन् नाव मात्र डायव्हरवर.

सहा वर्षं मी नामवंत शिक्षकांच्या हाताखाली होतो. पण समोरचं गणित असं उलगडताना मी पहिल्यांदा पाहिलं.

तरीही त्या दोन्ही संगणकी फेऱ्यांच्या वेळी व्यंकटरावांनी मला काढून तोंड भिंतीकडे करून ठेवायला लावलं. कॅमेऱ्यात मागं केळीचे आकडे दिसायला नकोत. बाबासाहेबांचा फोटोही खाली उतरवू का, असं रूपालीनं विचारलं, तर ते तिच्यावर जवळजवळ चिडलेच.

"फोटो ऱ्हाऊ दे जागेवर. फळा तेवढा फिरव."

त्यांना फक्त स्वतःला लपवायचं होतं. दोन्ही फेऱ्यांत रूपाली पास झाली आणि लपवण्यावरचा त्यांचा विश्वास आणखी घट्ट झाला.

मग समोरासमोरच्या फेरीची तयारी सुरू झाली. दारातून आत कसं यायचं, खुर्चीत कसं बसायचं, हात कसा मिळवायचा. पंचफुलाबाईंना साहेब करून खुर्चीवर बसवलं. रूपाली दार लोटून आत आली, नमस्कार केला, बसली. साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, "जेवलीस का?"

"आई, तू साहेब हायस."

"मग साहेबानं जेवल्याचं इच्यारू नये व्हय?"

तिघंही हसले. त्या घरातलं ते मोकळं हसणं मी शेवटचं ऐकलं.

निघायच्या आदल्या दिवशी रूपालीनं 'स्वतःबद्दल सांगा' या प्रश्नाचं उत्तर माझ्यावर लिहिलं आणि वडिलांना मराठीत सांगितलं. त्यात एक ओळ होती: माझे वडील केळीच्या गाड्या भरतात, आणि धंद्यात प्रश्न कुठून सुरू करायचा हे मी त्यांच्याकडून शिकले.

व्यंकटराव उठले. डस्टर शेजारीच होता, पण त्यांनी ती ओळ तळहातानं पुसली.

रूपाली भांडली. यात लाज कसली, असं तिनं विचारलं. तेव्हा त्यांनी ती गोष्ट सांगितली, जी पंचफुलाबाईंनाही माहीत नव्हती. विशीत असताना ते एका कचेरीत शिपायाच्या जागेसाठी मुलाखतीला गेले होते. इस्त्रीचे कपडे उसने घेऊन गेले होते. टेबलापलीकडे तिघं. वडील काय करतात, असं विचारलं. यांनी सांगितलं, केळीच्या बागेत मजुरी. त्यावर एकानं विचारलं, मग आमच्यासाठी केळी आणली का? तिघंही हसले. मग आडनाव विचारलं, वस्ती विचारली, आणि पुढचं काहीच विचारलं नाही. चार मिनिटांत ते बाहेर होते.

"माझं नाव काढू नको तिथं," ते म्हणाले. "केळीचं तर काढूच नको. तू एमबीए हायस, तेवढंच सांग."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर ती पुन्हा भांडली असती. तिनं मान डोलावली.

हैदराबादहून ती तिसऱ्या दिवशी परतली. निकालाचा फोन यायला आठवडा लागला. त्या आठवड्यात तिनं माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. फोन झाल्यावर ती माझ्यासमोरच जमिनीवर बसली. दोन खोल्यांच्या घरात दुसरी जागा नव्हती.

व्यंकटराव नुकतेच बागेतून आले होते. काय झालं, असं त्यांनी विचारलं. तिनं तुकड्यातुकड्यात सांगितलं. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी तिचा अर्धापूरचा पत्ता वाचून मुद्दामच केळीचा प्रश्न दिला होता. फळांच्या एका कंपनीचा माल पोचल्यावर वजनात कमी भरतो, का? उत्तर तिला त्याच क्षणी माहीत होतं. पण ते सांगितलं तर हे कसं माहीत, असं विचारतील, म्हणून तिनं चौकटी आखल्या. चोरीचा फाटा, काट्याचा फाटा, सडण्याचा फाटा. वीस मिनिटं ती उत्तराच्या भोवती फिरत राहिली. शेवटी बाईंनी कागद बाजूला ठेवला आणि अगदी प्रेमानं विचारलं, तुम्ही तिकडच्याच ना? केळी गाडीत भरताना कधी पाहिली आहे का?

"मी नाही म्हणाले, बाबा," रूपाली म्हणाली. "पाहिलीच नाही म्हणाले."

फोनवर आज त्यांनी सांगितलं होतं की विचार नीटनेटका आहे, पण प्रत्यक्ष व्यवहाराची ओळख कमी पडते. जागा दुसऱ्या कुणाला दिली होती.

व्यंकटराव अजून उभेच होते. सदऱ्यावर ताजा चीक होता.

"बरोबर केलंस," ते म्हणाले. "म्याच म्हणलं होतं तसं."

माझ्यावर आजवर शेकडो चुकीची उत्तरं लिहिली गेली. पण चुकीचं उत्तर बरोबर आहे असं इतक्या मायेनं सांगितलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. रूपाली रडली नाही. ती उठून वडिलांसाठी पाणी घेऊन आली आणि त्यांनी ते न पिता हातात धरून ठेवलं.

याला वर्ष होत आलं. रूपाली आता पुण्यात एका कंपनीत आकडे भरण्याचं काम करते. रविवारी फोन येतो. आई जेवल्याचं विचारते, वडील हवापाण्याचं. मी स्वयंपाकघरात आलोय. गॅसची टाकी कधी लावली ती तारीख पंचफुलाबाई माझ्या एका कोपऱ्यात लिहितात. बाकी सगळा मी कोरा.

टेबलापलीकडे बसणाऱ्यांनो, तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. समोरच्याला बाप काय करतो असं विचारलंत, तर उत्तर येईपर्यंत थांबा. आणि ते आल्यावर हसू नका. फार मोठं मागत नाहीये मी. मला घाई आहे, कारण अशा मुलाखती आजही कुठंतरी चालूच असतील.

कालच टोळीतला वैजनाथ सल्ला विचारायला घरी आला होता. गाड्या भरणारा, व्यंकटरावांच्याच हाताखालचा. त्याच्या मुलीला, स्वप्नालीला, नांदेडच्या एका मोठ्या कंपनीतून मुलाखतीचं बोलावणं आलंय. आनंदानं तो धड बसतही नव्हता. पंचफुलाबाईंनी चहा टाकला. व्यंकटराव म्हणाले, चांगलं झालं, पण मला काय इच्यारतो, मी काय शिकलेला हाय?

"काय बोलायचं ते तिला येतंय, मुकादम," वैजनाथ म्हणाला. "तिथं काय सांगायचं न्हाई, तेवढं तुम्ही सांगा."