अण्णांच्या मशीनचा अलार्म

आमच्या टीममधल्या चिकटरावाने कोडमध्ये एक शब्द चिकटवला आणि अलार्म वाजायला लागला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. हात हलत होते, एवढंच.

आम्ही श्वास देणाऱ्या मशीनचा कर्नल लिहितो, म्हणजे हार्डवेअरला अगदी लागून चालणारा, सी या भाषेतला कोड. नळी निसटली की अलार्म वाजायला हवा. कधीकधी तो वाजायचाच नाही. तसलंच एक मशीन आमच्या घरी आहे, माझ्या वडिलांना, अण्णांना लावलेलं. अलार्मचा भरवसा नाही म्हणून ताई त्यांच्या उशाशी बसून असते. तिच्या डोळ्याला डोळा नाही. रोज दारातच विचारते, "झालं का गं दुरुस्त?"

चिकटवलेला शब्द होता व्होलाटाइल. आमचा कोड मशीनच्या भाषेत उतरवणारा कंपायलर शहाणपणा करतो. एखादी किंमत एकदा वाचली की तीच धरून बसतो. व्होलाटाइल ही त्याला दिलेली तंबी: दर वेळी मेमरीत जाऊन बघ, बाबा! काही अडलं की हा गडी तोच शब्द डकवतो, म्हणून तर चिकटराव.

"टेस्ट पास आहेत. सही कर, आजच पाठवू," साहेब म्हणाले. तपासणीची सही माझी असते.

"नाही करणार."

"का? वाजतोय की!"

"एकाच पाटीवर दोघं लिहितायत, साहेब. नळीचा कोड आणि बटणांचा कोड. बटणवाला पाटी वाचतो, आपलं तेवढं बदलतो आणि अख्खी पाटी परत लिहितो. मधल्यामध्ये नळीवाल्याने 'निसटली' असं लिहिलं असेल, तर ते गेलं पुसून. ताजं वाचून काय उपयोग? लॉक पाहिजे."

"पण एकदाही चुकला नाही गं," चिकटराव म्हणाला.

"तुझ्या शब्दाने वेग जरा बदलला, म्हणून दोघांची गाठ पडत नाहीये. पडेल."

साहेबांनी कपाळाला हात लावला. "लॉक लावायचा तर सगळ्या टेस्ट पहिल्यापासून. आठवडा जाईल. आणि तुझ्याच घरी मशीन आहे ना? तुला घाई नाही?"

"आहे," मी म्हणाले. आवाज दुसऱ्याच कुणाचा वाटला.

ताईला घरी खरं काय ते सांगितलं. बाकीचे म्हणतात झालं, मी म्हणते नाही. ती भडकलीच. "अण्णा तुझे कुणी लागतात की नाही? नुसता दगड झालीयेस!" मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मी तिला पाणी आणून दिलं, तिने ते घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या मशीनवर मी एका छोट्या मोटरला बटण दाबत राहायला लावलं आणि नळी काढत-लावत बसले. जेवणाच्या सुट्टीआधीच गाठ पडली. नळी टेबलावर पडलेली, हवा फुसफुसतेय, आणि मशीन गप्प. हिरवा दिवा लागलेला. चिकटरावाचा चेहरा उतरला.

"लाव बाई लॉक," साहेब म्हणाले.

लावला. बटणवाल्याचं पाटी वाचून परत लिहून होईपर्यंत नळीवाल्याने थांबायचं, मग आपलं लिहायचं. आणि व्होलाटाइल काढून टाकला.

"राहू दे की," चिकटराव म्हणाला. "तुझं काय खातोय?"

"तो दिसला की पुढच्याला वाटतं, इथे काळजी घेतलेली आहे."

आठवड्याने एका दुपारी अण्णांना बदली मशीनवर ठेवून त्यांच्या मशीनमध्ये नवा कोड घातला. नळी काढून पाहिली, बटणं दाबून पाहिली. दर वेळी वाजला. मग मशीन पुन्हा अण्णांना लावलं.

"झालं?" ताईने विचारलं.

"झालं. झोप जा."

मला वाटलं, आता उलटतपासणी घेईल. ती तिथेच जमिनीवर आडवी झाली. "आठवडाभर नाही म्हणालीस, तेव्हा इतका राग आला होता तुझा," ती डोळे मिटून म्हणाली. "आता हो म्हणतेयस, तर बास." पुढच्या क्षणी घोरायला लागली.

मला ऑफिसला परत जायचं होतं. कोड बरोबर आहे, ओळ न् ओळ मला पाठ आहे. अण्णांनी डोळे उघडले आणि हाताने खूण केली, जा तू.

"जाते," मी म्हणाले आणि एकदम भीती वाटली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. ताईची खुर्ची रिकामी होती. तीत बसले आणि त्यांच्या छातीकडे बघत राहिले.