मरणाचं मागणं

कुणाला 'मर' म्हणायचं नाही, असा माझा नियम आहे. लग्नानंतर गुरुवारचं व्रत धरलं, तेव्हाच तो धरला. पिठात अळी निघाली तरी कागदावर घेऊन परसात सोडते. माझी लेक दिव्यानी हसायची. "आमची आई उंदरालेबी आशीर्वाद देते," असं मैत्रिणींना सांगायची.

दिव्यानीला लहानपणापासून दमा. गडचांदूरला आमच्या पत्र्यावर सिमेंट कारखान्याची पांढरी धूळ बसते, ती तिला सोसत नसे. आधी पंपानं भागायचं. बारावीनंतर भागेना. गोळ्या वाढल्या, तोंड सुजलं, दम मात्र हटला नाही. मी रोज पूजेनंतर तिचं मरण टळावं म्हणून जप करायची.

दिवाळीनंतर तिला चंद्रपूरच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी रक्त तपासलं, बेडका तपासला आणि आम्हाला समोर बसवलं.

"धूळ आत गेली की तिला हाकलायला शरीर पेशी पाठवतं. काम झालं की त्यांनी मरायचं असतं. हिच्या मरतच नाहीत. श्वासनळीत ठाण मांडून बसल्यात, म्हणून सूज उतरत नाही. गोळ्यांनाही त्या दाद देत नाहीत."

"म्हणजे सोयरे जेवले, पन घरी गेलेच नाई," दिव्यानी म्हणाली. बाईही हसल्या.

"त्यांना जगवणारी रसद तोडणारं इंजेक्शन आहे. मागवते. पण लगेच गुण येणार नाही. तोवर धूर-धुळीपासून जपा."

परतताना बसमध्ये दिव्यानी म्हणाली, "आई, तू जप करून राह्यली नं, तो त्या सोयऱ्याईलेच लागला."

"गप बस वो," मुखरू, माझे यजमान, म्हणाले. थट्टाच होती, पण माझ्या काळजात रुतली.

पहिलं इंजेक्शन झालं. पुढच्याच आठवड्यात शेजारच्या वावरात कापसाच्या पऱ्हाट्या पेटवल्या. दारं लावली तरी धूर आत आला. दुपारपर्यंत दिव्यानी गुडघ्यांवर हात टेकून बसली होती. पंप झाला, वाफ झाली. छातीतली शिट्टी ओसरीपर्यंत ऐकू येत होती. मुखरूंनी दवाखान्याच्या गाडीला फोन लावला.

"आई," ती एकेक शब्द तोडून म्हणाली, "देवाले सांग नं. मरू दे म्हणा त्याईले. तुह्यं ऐकते तो."

मी देव्हाऱ्यापुढे बसले. ओठ हलेनात. तिच्याच रक्तातल्या त्या पेशी, तिच्याच राखणीला आलेल्या. मागे ती श्वास ओढत होती.

"मरू दे त्यांना," मी म्हणाले. "एकही ठेवू नको, देवा."

तिनं ऐकलं. मान हलवली.

राजुरा ओलांडल्यावर गाडीत तिची शिट्टी थांबली.

"उतार पडला वाटते," मुखरू म्हणाले. "आवाज बंद झाला पहा."

मीही देवाला हात जोडले. गाडीतल्या डॉक्टरांनी तिच्या छातीला कानातली नळी लावली. वाराच आत जात नव्हता, म्हणून आवाज नव्हता. ते ड्रायव्हरला जोरात घे म्हणाले. चंद्रपूरला पोचलो तेव्हा ती नव्हती.

तेरवी झाल्यावर डॉक्टरीणबाईंचा फोन आला. मीच विचारलं, "बाई, त्या पेशी? त्या तरी जगल्या असतील का थोड्या?"

त्या म्हणाल्या, "नाही हो. शरीर गेलं की त्याही जातात."

मी फोन ठेवला.

"काय म्हने बाई?" मुखरूंनी विचारलं.

"गेल्या म्हनते," मी सांगितलं. "सगळ्या गेल्या."