बाईसाहेबांचा शंख

दुपारी सव्वाबारा वाजता बाईसाहेब आडव्या झाल्या आणि चिऊ टाकीकडे धावली.

बाईसाहेब म्हणजे मासा. केशरी अंग, तीन पांढरे पट्टे, वय वर्षं चौदा. या जातीत मादी थोराड आणि नर तिच्या अर्ध्याने, म्हणून बाबांनी तिचं नाव बाईसाहेब ठेवलं होतं आणि तिच्या मागे मागे फिरणाऱ्या नवऱ्याचं घरजावई. बाबा घड्याळजी. सगळा जन्म केसाएवढे स्क्रू बसवण्यात गेलेला, त्यामुळे बैठकीतल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतही त्यांचा हात कधी सैल सुटला नाही. मीठ तोलून घालायचे, दिवे घड्याळाच्या काट्यावर लावायचे, प्रवाळ किती वाढलं ते पट्टीने मोजायचे. नवा मासा आणला तर तो आधी महिनाभर वेगळ्या टाकीत राहील, हा तर त्यांचा नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. पाहुण्याबरोबर काय रोग येतोय ते आधी कळू दे, म्हणायचे.

ती रेघ चिऊने पुसली होती. अडतीस वर्षांची बाई, घरी-दारी सगळ्यांना शहाणपण शिकवणारी! बाबा हृदयाच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात दाखल झाले आणि टाकी तिच्या गळ्यात पडली. ते आठवड्यात घरी येणार होते. येतील तेव्हा टाकीत काहीतरी नवं दिसावं, खूश व्हावेत, म्हणून तिने एक निळाशार मासा आणला आणि सरळ मोठ्या टाकीत सोडून दिला. महिनाभर थांबायला वेळ होता कुठे? मग बाबांना ताप आला, ऑपरेशन पुढे ढकललं गेलं, आणि इकडे पाचव्या दिवशी निळ्याच्या अंगावर बारीक सोनेरी भुकटी दिसायला लागली.

"वेल्वेट झालंय," दुकानदार म्हणाला. "किडे असतात. डोळ्यांना दिसायचे नाहीत, पण कल्ल्यांत शिरतात आणि श्वास कोंडतात. सगळे मासे लहान टाकीत काढा, तिथे तांब्याचं औषध द्या. मोठ्या टाकीत थेंबसुद्धा नको, कोरल मरतील. ती टाकी सहा आठवडे माशांशिवाय ठेवायची, म्हणजे किडे उपाशी मरतात."

नाव मखमलीचं आणि काम कसायाचं. निळा त्याच संध्याकाळी गेला. काल सकाळी घरजावई गेला. चिऊने तर सांगितलेलं सगळं केलं होतं, अगदी थेंब मोजून. तरी एक गोष्ट तिला कळत नव्हती. सकाळी औषध घालून त्याचं प्रमाण काचेच्या नळीत तपासलं की पाणी हवं तेवढं निळं दिसायचं, आणि संध्याकाळी तीच नळी फिकट. ती पुन्हा थेंब घालायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आपल्याच मोजण्यात खोट आहे असं तिला वाटायला लागलं होतं.

आणि रोज अकरा वाजता बाबांचा फोन. "बाईसाहेब जेवल्या?"

"हो, बाबा. मस्त आहेत सगळे."

हे आत्याचं फर्मान. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, सध्या मुक्कामाला. "आता त्याची छाती उघडणार आहेत," ती म्हणाली होती, "आणि तू त्याला माशांचं रडगाणं ऐकवणार? धक्का बसला तर कोण निस्तरेल? ऑपरेशन होईपर्यंत तोंडाला कुलूप लाव." चिऊने लावलं. एक थाप पचवायला दुसरी लागते, असं करत करत आठ दिवस ती बाबांना मरणाच्या दारातल्या माशांची खुशाली सांगत होती.

आता बाईसाहेब लहान टाकीच्या तळाशी कुशीवर पडल्या होत्या. कल्ले भात्यासारखे चालले होते. चिऊने दुकानदाराला फोन लावला.

"गोड्या पाण्यात पाच मिनिटं ठेवून बघा," तो म्हणाला. "त्याने किडे गळतात. पण चौदा वर्षांची म्हातारी आहे हो, त्यातच जायची. मी जबाबदारी घेणार नाही." आणि त्याने फोन ठेवून दिला.

कसलं पाणी, किती गरम, कशात? हे सगळं या जगात एकाच माणसाला नेमकं ठाऊक होतं, आणि नेमकं त्यालाच विचारायचं नव्हतं. विचारावं तर बाबांचं हृदय, न विचारावं तर बाबांचा मासा. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते चिऊने शाळेत निबंधात लिहिलं होतं, आज ती काठावर उभी होती. तिने बाबांचा नंबर काढला. अंगठा बटणावर नेला.

"कुणाला फोन गं?" आतून आत्याचा आवाज आला.

चिऊने बटण दाबलं.

"बाबा, मी खोटं बोलत होते," ती म्हणाली आणि मग बांध फुटल्यासारखं सगळं बाहेर आलं: निळा मासा, भुकटी, घरजावई, सगळं.

पलीकडून बाबांच्या खाटेशेजारच्या, हृदयाचे ठोके मोजणाऱ्या यंत्राची टिकटिक ऐकू येत होती, आणि ती हळूहळू वाढत होती. काय करून बसलो आपण!

"बाबा, ते यंत्र..."

"ते माझं आहे. तू माशाकडे बघ," बाबा म्हणाले. "आणि आधी रडणं थांबव. रडताना मोजता येत नाही. पातेल्यात फिल्टरचं पाणी घे, नळाचं नको. टाकीइतकंच कोमट कर, थर्मामीटर लाव. खायचा सोडा चिमूटभर. हवेची नळी सोड त्यात."

चिऊ धावली. दारात उभ्या आत्याने कपाळावर हात मारला, पण सोड्याची बरणी तिनेच काढून दिली.

"झालं, बाबा."

"वाडग्याने उचल. हात लावू नकोस. आणि मोठ्याने मोज. तीनशे."

बाईसाहेब गोड्या पाण्यात गेल्या आणि एकदम उसळल्या. चिऊ मोजत होती. चाळीस. साठ. सत्तरच्या पुढे त्या उलट्या झाल्या, पोट वर. नव्वदला हलायच्या थांबल्या.

"बाबा, गेली ती! काढते मी."

"काढू नकोस. कल्ला हलतोय?"

"दिसत नाहीये."

"घाबरलीस की दिसत नाही. वाक. नीट बघ."

चिऊ पाण्याला नाक टेकेल इतकी वाकली. पांढऱ्या पट्ट्यामागे काहीतरी जरासं उघडलं आणि मिटलं.

"हलतोय. थोडासा."

"मग मोज."

तिने मोजलं. एकशे वीस, दोनशे. मध्येच ते यंत्र पलीकडे किंचाळलं, कुणी परिचारिका "काय झालं, काका?" म्हणाली, आणि "काही नाही, लेक बोलतेय" असं बाबांचं उत्तर ऐकू आलं. डोळ्यांसमोर मासा, कानात बाप, आणि दोघांपैकी कोण आधी थांबेल हे तिला माहीत नव्हतं. तीनशे झाले.

"आता परत औषधाच्या टाकीत," बाबा म्हणाले. "थांब. त्या टाकीत आणखी काय आहे?"

"काही नाही. हवेची नळी. आणि तिचा शंख."

"कुठला शंख?"

"तिचा, झोपायचा. मोठ्या टाकीतला. नव्या जागी तिला करमावं म्हणून ठेवला."

बाबांनी दीर्घ श्वास घेतला. "काढ तो. शंख चुन्याचा असतो, चिऊ. तांबं पितो. तू घातलेलं औषध रोज तो पीत होता, माशांना मिळालंच नाही."

म्हणून संध्याकाळी नळी फिकट. आणलेला मासा मायेने, ठेवलेला शंख मायेने, आणि त्या मायेने घरजावयाचा जीव घेतला. चिऊने शंख बाहेर काढला, बाईसाहेबांना पाण्यात सोडलं, बाबांच्या सांगण्यावरून नळी तपासून थोडे थेंब घातले. बाईसाहेब तिरक्या झाल्या, बुडाल्या, आणि मग शेपटी मारून सरळ उभ्या राहिल्या.

"उभी राहिली, बाबा! जगेल ना?"

"माहीत नाही. दोन-तीन दिवस गेल्याशिवाय कळणार नाही."

आता बोलणी बसणार म्हणून चिऊने डोळे मिटून घेतले. बोलणी बसायलाच हवी होती, तिला ती हवीच होती. पण यंत्राची टिकटिक काही केल्या कमी होत नव्हती.

"बाबा, रागावलात?"

"नाही गं." आवाज इतका बारीक होता की क्षणभर तिला तो दुसऱ्याच कुणाचा वाटला. "उद्या सकाळी मला घेऊन जाणार आहेत. पाच तास लागतील म्हणतात. मला फार भीती वाटतेय, चिऊ."

अडतीस वर्षांत हे वाक्य तिने त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. ती भीती आपण आत्ता त्यांच्यात घातली नाही, ती आठ दिवस तिथेच होती, हे तिला लख्ख कळलं.

"मग बोलला का नाहीत?"

"कुणाशी बोलणार? जो येतो तो म्हणतो सगळं छान आहे. तूही तेच म्हणायचीस."

चिऊने फोन कानाला घट्ट धरला. दारातली आत्या पदराने डोळे पुसत होती.

"मलाही वाटतेय, बाबा," चिऊ म्हणाली. "फार वाटतेय. तुम्ही सांगा, मी ऐकतेय."

आणि घड्याळजी पहिल्यांदाच वेळ न बघता बोलायला लागला.