अनीशच्या नावाची पावलं

अनीशला वेळ नव्हता. ही गोष्ट त्याच्याशी नवी ओळख झालेल्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांतच कळायची, कारण ती सांगायला मात्र त्याच्याकडे भरपूर वेळ असायचा. सकाळी सहाला पुण्याच्या टीमचा कॉल, मग इलाला समर कॅम्पला सोडायचं, मग ऑफिस, संध्याकाळी पुन्हा लॅपटॉप. जिमचं कार्ड गाडीच्या कप्प्यात पडून होतं. फोनमध्ये ध्यानाचं एक ॲप होतं आणि त्यातली बाई रोज सकाळी साडेसातला 'आजचा श्वास तुमची वाट पाहतो आहे' असं कळवायची. बाईची चिकाटी दांडगी होती.

एरवी हे असंच चालत राहिलं असतं. पण फेब्रुवारीत वर्षाच्या रिव्ह्यूला त्याचा मॅनेजर देवांग गोड आवाजात म्हणाला, "तू फार थकलेला दिसतोस यार. थोडं मेंटल फिटनेसवर काम कर." ऑफिसात माणसं कमी करणार अशी कुजबुज होती आणि अनीशच्या ग्रीन कार्डची फाइल अर्ध्या वाटेवर अडकलेली होती, त्यामुळे हे वाक्य त्याच्या डोक्यात खिळ्यासारखं बसलं. मे महिन्यात कंपनीने शंभर दिवसांचा उपक्रम काढला. रोज दहा हजार पावलं आणि दहा मिनिटं ध्यान. पावलं मोजायला कंपनीनेच प्रत्येकाला घड्याळ दिलं, आणि कोण किती चाललं याचा फलक सगळ्यांना दिसेल असा लावला. पहिल्या आठवड्याअखेर एकशे चाळीस जणांत अनीश एकशे एकतिसावा होता. देवांगने त्याखाली एक हसरा चेहरा टाकला. त्या चेहऱ्याने अनीशची दोन रात्रींची झोप घालवली.

नागपूरहून त्याचे आईवडील तेव्हा नुकतेच सहा महिन्यांसाठी आले होते. मोरेश्वरराव त्र्याहत्तर वर्षांचे, शाळेत तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेले. अमेरिकेत येऊन त्यांनी एकच काम अंगावर घेतलं होतं, ते म्हणजे आठ वर्षांच्या नातीकडून मराठीत एक पूर्ण वाक्य वदवून घ्यायचं. इलाला मराठी सगळं कळायचं, बोलायची मात्र ती इंग्रजीत.

"आज डब्यात काय होतं?"

"पास्ता."

"पास्ता होता, असं म्हण."

"आय नो, आजोबा," असं म्हणून ती पळायची, आणि मोरेश्वरराव दुसऱ्या दिवशी तितक्याच उत्साहाने पहिल्यापासून सुरुवात करायचे.

रोज सकाळी घरामागच्या तळ्याभोवती ते एक फेरी मारायचे. त्यांच्या हृदयाची एक झडप गळत होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, चाला, पण सावकाश आणि थांबत थांबत. अनीशने यातलं फक्त 'चाला' एवढंच लक्षात ठेवलं होतं.

"बाबा, तुम्ही जाताच आहात, तर हे घड्याळ घालून जा ना. माझी थोडी पावलं होतील."

"म्हणजे चालायचं मी, आणि चाललास तू?" मोरेश्वरराव हसले. "चालेल. आमच्या शाळेत पोरांच्या चित्रकलेच्या वह्या आयाच रंगवायच्या, तसंच हे."

मुलाला आपला काही उपयोग होतोय याचा त्यांना मनापासून आनंद झाला, हे सांगायलाच हवं. परक्या देशात पोराच्या घरी दिवसभर खिडकीशी बसणाऱ्या माणसाला कुणीतरी काम सांगितलं होतं. ते दोन फेऱ्या मारू लागले, मग चार, मग दुपारीही. संध्याकाळी अनीश घरात शिरला की त्यांचा पहिला प्रश्न असायचा, "आज किती भरली?"

"आठ हजार. दोन कमी पडतात बाबा," अनीश बूट काढता काढता सांगायचा, आणि मोरेश्वरराव बूट घालायला लागायचे.

जूनपर्यंत अनीश पंचविसावा झाला. मग त्याला एक नियम सापडला. हृदयाचे ठोके सलग दहा मिनिटं एका ठरावीक आकड्याच्या वर राहिले की त्या दिवसाचे गुण दुप्पट. तरण्याताठ्या लोकांना त्यासाठी धावावं लागत होतं. मोरेश्वररावांना तळ्याकडचा चढ पुरत होता, आणि जुलैच्या उन्हात तर चढही लागत नव्हता. तेवढ्याच चालण्याला बाबांचे ठोके दर आठवड्याला वाढताहेत, हे अनीशला फोनवर स्वच्छ दिसत होतं. त्याला ते पाहून बरं वाटायचं. या माणसाला राक्षस म्हणावं तर तो राक्षस नव्हता. तो फक्त फलकाकडे बघत होता, आणि बापाकडे बघायला त्याला वेळ नव्हता.

अनीशच्या आईने, शोभनाताईंनी, एकदा विषय काढला. "त्यांना दम लागतो रे. काल जिन्यात दोनदा बसले."

"आई, डॉक्टरांनीच चालायला सांगितलंय ना? इथे लोक नव्वदीत मॅरेथॉन पळतात."

मुलगा शिकलेला, अमेरिकेत राहणारा. शोभनाताईंनी पुन्हा तो विषय काढला नाही.

त्या घड्याळाची एक गंमत घरात ठरून गेली होती. घालणारा माणूस पडला असं त्याला वाटलं, की ते आणीबाणीसाठी दिलेल्या नंबरवर निरोप पाठवायचं, आणि तो नंबर अनीशच्या बायकोचा, राधिकाचा होता. शोभनाताईंनी नागपूरहून लोखंडी खलबत्ता आणला होता. मोरेश्वरराव घड्याळासकट त्यात दाणे कुटायला बसले, की दोन मिनिटांत राधिकाचा फोन वाजायचा: 'अनीश जोरात पडला असावा. मदत पाठवायची का?' खाली दोन बटणं असायची, एक 'मदत पाठवा' आणि दुसरं 'सगळं ठीक आहे'. इला तो निरोप मोठ्याने वाचायची, "डॅडी फेल डाउन अगेन!" आणि सगळे हसायचे. अनीशही हसायचा. राधिका पिठाच्या बोटाने 'सगळं ठीक आहे' दाबायची आणि पुन्हा पोळीकडे वळायची. असं आठ-दहा वेळा तरी झालं असेल.

अठ्ठ्याण्णवावा दिवस शनिवार होता. अनीश चौथा होता, आणि तिसऱ्या नंबराचा देवांग हाताच्या अंतरावर होता. शोभनाताई शेजारच्या स्वानंदीबरोबर मंडळाच्या भजनाच्या तालमीला गेल्या होत्या. चहा पिऊन मोरेश्वरराव कोचावर टेकले.

"आज जरा छातीत जड वाटतंय," ते म्हणाले.

"दुपारी श्रीखंड जास्त झालं असेल," अनीश फोनमधून डोकं न काढता म्हणाला. "तळ्याला दोन फेऱ्या मारल्यात की हलकं वाटेल. सव्वीसशेच राहिलीत बाबा. शेवटचे तीन दिवस."

मोरेश्वरराव क्षणभर बसून राहिले. मग गुडघ्यावर हात टेकून उठले. आपला फोन त्यांनी चार्जिंगलाच ठेवला. "इला, आजोबा येतात हं. आल्यावर मला एक वाक्य हवंय," असं म्हणून ते बाहेर पडले.

अनीशचं ध्यान राहिलं होतं. शंभर दिवसांत पहिल्यांदाच हातात मोकळी दहा मिनिटं होती. इतके दिवस तो गाडी चालवतानाच ॲप लावून ठेवायचा. आज त्याने स्वयंपाकघरासमोरच्या बैठकीत चटई घातली, फोन 'डू नॉट डिस्टर्ब'वर टाकला, मांडी घातली आणि डोळे मिटले. ॲपमधली बाई हळू आवाजात बोलू लागली. आवाज येतील, विचार येतील. येऊ द्या, जाऊ द्या. त्यांच्या मागे जाऊ नका.

स्वयंपाकघरात राधिकाचा फोन वाजला.

"मॉम, डॅडी फेल डाउन अगेन," इलाचा आवाज आला.

"डॅडी इकडे बघ कसा देवासारखा बसलाय," राधिका म्हणाली. तिची सुरी थांबली. फोनवर बोट टेकल्याचा बारीक आवाज आला, आणि कोथिंबीर चिरणं पुन्हा सुरू झालं.

हे सगळं अनीशला ऐकू आलं. एक विचार उठला. आज खलबत्ता कुठे आहे? बाबा तर बाहेर गेलेत. तो विचार त्याला अगदी स्पष्ट दिसला. डोळे उघडणं एवढंच काम होतं. पण अजून सहा मिनिटं उरली होती, मध्येच उठलं तर ती मोजली जात नव्हती, आणि बाई सांगत होती, विचाराच्या मागे जाऊ नका. अनीशने जन्मात पहिल्यांदाच तिचं शब्दशः ऐकलं. विचार गेला. त्याला खरोखरच शांत वाटलं.

"आज मस्त लागलं ध्यान," उठल्यावर तो राधिकाला म्हणाला, आणि आंघोळीला गेला.

आंघोळीनंतर त्याने पावलं बघितली. आठ हजार शंभरवर आकडा थांबला होता. त्याला आधी राग आला. बाबा कुणाशी तरी गप्पा मारत बसले असणार, या देशात लोकांना वेळ असतो का, असं तो पुटपुटलासुद्धा. मग त्याला तो सोडून दिलेला विचार पुन्हा आठवला, आणि तो ओल्या केसांनी, चप्पल न घालता पळत सुटला.

तळ्याकडच्या चढावर ॲम्ब्युलन्स उभी होती. कुत्रा फिरवायला आलेल्या एका म्हाताऱ्या बाईला मोरेश्वरराव झाडाखाली कुशीवर पडलेले दिसले होते. त्या वाटेने शनिवारी फारसं कुणी जात नाही.

हॉस्पिटलमधली डॉक्टर सौम्य स्वभावाची होती. वीस-पंचवीस मिनिटं आधी मदत मिळाली असती तर प्रयत्न करता आले असते, असं ती म्हणाली, आणि तिने अनीशच्या हातात एक प्लास्टिकची पिशवी दिली. पिशवीत घड्याळ होतं. पार्किंगमध्ये गाडीत राधिकाशेजारी बसून अनीशने फोन उघडला. पाच वाजून बारा मिनिटांनी पडल्याची नोंद होती. पाच तेराला 'राधिका यांनी सर्व ठीक असल्याचं कळवलं'. त्याच्या खाली हिरव्या अक्षरात लिहिलं होतं: ध्यान पूर्ण, अभिनंदन.

राधिकाने ते वाचलं. ती म्हणाली, "मी तुझ्याकडे बघितलं. तू समोर बसला होतास. मी फक्त तुझ्याकडे बघितलं रे." मग तिने स्वतःच्या फोनमधला निरोप पुसून टाकला. अनीशने तिला अडवलं नाही. आपल्यालाही ऐकू आलं होतं, हे त्याने तिला त्या दिवशी सांगितलं नाही, आणि पुढेही कधी सांगितलं नाही.

"आईंना काय सांगायचं?" तिने विचारलं.

"लगेच गेले म्हणून."

मागच्या सीटवरून इला म्हणाली, "बट आय रेड इट." दोघांपैकी कुणीही मागे वळून बघितलं नाही.

पुढचे तेरा दिवस शोभनाताई येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला एकच गोष्ट विचारत राहिल्या. पन्नास वर्षांचा संसार झालेल्या बाईला दुसरं काही नको होतं. "पडल्या पडल्या गेले ना? पडून नाही ना राहिले? मला हाक मारत नसतील ना?" अनीश दर वेळी म्हणायचा, "लगेच गेले आई. त्यांना कळलंसुद्धा नाही." हे ऐकलं की त्यांचा चेहरा थोडा सैल व्हायचा आणि त्या दोन घास खायच्या. ते वाक्य आपण आईसाठी बोलतो, असं अनीशने स्वतःला बजावलं होतं. दहा-बारा वेळा बोलल्यावर ते त्याला थोडं खरंही वाटायला लागलं.

चौदाव्या दिवशी सकाळी शोभनाताई इलाच्या केसांना तेल लावत बसल्या होत्या. अनीश दारात उभा राहून ऑफिसची ईमेल वाचत होता. उपक्रमात तो चौथा आला होता. 'एवढ्या कामातून वेळ कसा काढलास' यावर सगळ्यांसमोर पाच मिनिटं बोलशील का, असं देवांगने विचारलं होतं, घरच्या प्रसंगाबद्दल आधी दोन ओळी दुःख व्यक्त करून.

"लगेच गेले हो," शोभनाताई वेणी घालताना स्वतःशीच म्हणाल्या. "पुण्यवान माणूस. कुणाला कळायच्या आत गेले."

इला वळली. तिचं तोंड लाल झालं होतं. मग ती इंग्रजीत भडाभडा बोलत सुटली. ते लगेच गेले नाहीत, मॉमच्या फोनवर मेसेज आला होता, मी वाचून दाखवला, मॉमने ओके दाबलं, डॅडी तिथेच बसला होता, आजोबा एकटेच पडले होते. पोरीला हुंदका आवरेना. तिच्या त्या अमेरिकन घाईत आजीला 'मॉम', 'फोन' आणि 'आजोबा' एवढेच शब्द कळले.

शोभनाताईंनी घाबरून मुलाकडे पाहिलं. "काय म्हणतेय रे ही? फोनचं काय?"

अनीशने ईमेल बंद केली. बोलायला त्याला विचार करावा लागला नाही, आणि याचं त्याला स्वतःलाच नवल वाटलं. "मॉमच्या फोनवर आजोबांचे फोटो बघितले म्हणते. आजोबांची फार आठवण येते म्हणते."

इला रडायची थांबली. तिला सगळं मराठी कळत होतं. ती बापाकडे बघत राहिली, आणि बाप तिच्याकडे बघत राहिला. त्याने मान अगदी थोडी हलवली. एरवी तिने बाहेर किंवा पाहुण्यांसमोर काही बोलू नये म्हणून तो अशीच मान हलवायचा.

"हो ना बाळा?" शोभनाताईंनी तिचा चेहरा ओंजळीत घेतला. "आठवण येते?"

इलाने आजीकडे पाहिलं. तिचे ओठ हलले, शब्द जुळवायला तिला थोडा वेळ लागला.

"हो आजी," ती अडखळत म्हणाली. "मला आजोबांची आठवण येते."

शोभनाताईंनी तिला छातीशी घट्ट धरलं. कितीतरी दिवसांनी त्या रडता रडता हसत होत्या. "पूर्ण वाक्य बोलली रे अनीश, ऐकलंस का?" त्या म्हणाल्या. "ह्यांनी शिकवलेलं वाया नाही गेलं."